दात पडल्याचं स्वप्न आणि पहाटेचा फोन

ताई, चार-पाच महिने झाले, मला एकच स्वप्न पडतंय, महिन्यातून दोन-तीनदा तरी. दात एकेक करून हलतात आणि हातात येतात. रक्त नाही, दुखत पण नाही. मी ते मुठीत लपवते आणि ओठ घट्ट मिटून समोरच्या लोकांकडे बघून हसत राहते. नेटवर शोधलं तर एकीकडे लिहिलंय घरातलं कुणीतरी जाणार, दुसरीकडे पैसे जाणार, तिसरीकडे नवी सुरुवात. बाबा सत्तरीचे आहेत, त्यामुळे जाग आली की पहाटे साडेपाचला त्यांना फोन करते आणि ते वैतागतात. बाकी सगळं छान चाललंय, मध्ये प्रमोशन पण झालं, आता मोठ्या मीटिंगांना बसावं लागतं. नवऱ्याला सांगितलं तर हसेल. याचा नक्की अर्थ काय?
– झोपमोड

अगं झोपमोड, आधी बाबांना झोपू दे. तुझ्या दातांचा आणि त्यांच्या आयुष्याचा काही संबंध नाही, हे मी अगदी छातीठोकपणे सांगते.

दात पडले की घरातलं माणूस जातं ही समजूत नेटची नाहीच, फार म्हणजे फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस नावाच्या ग्रीक माणसाने स्वप्नांच्या अर्थांवर लिहिलंय, त्यात तोंड म्हणजे घर आणि दात म्हणजे घरातली माणसं, उजवीकडचे पुरुष, डावीकडच्या बायका, असा सगळा हिशोब आहे. पण गंमत बघ, तोच माणूस म्हणतो की कर्जात बुडालेल्याला हेच स्वप्न पडलं तर त्याचं कर्ज फिटणार! म्हणजे आधी स्वप्न बघणारा कोण, काय करतो, वय काय, हे विचारायचं आणि मग अर्थ सांगायचा. तुझ्या त्या साईटने तुला काय विचारलं? काहीच नाही ना.

राहिली पहाटेची गोष्ट. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात, त्याने तू अजून घाबरली असशील. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं आणि ज्या टप्प्यात ठसठशीत स्वप्नं पडतात तो टप्पा सकाळ जवळ येईल तसा लांबत जातो. त्यामुळे पहाटे स्वप्नंही जास्त आणि त्यातून जाग येण्याचा चान्सही जास्त, म्हणून ती लक्षात राहतात, बास.

आणि एक अगदीच साधी शंका, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो का गं? २०१८ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी अशा स्वप्नांचा अभ्यास केला, त्यात दात पडण्याच्या स्वप्नांचा संबंध मानसिक त्रासापेक्षा उठल्यावर दात, हिरड्या, जबडा ताठल्यासारखे वाटण्याशी दिसला. झोपेत दात खातेस का हे नवऱ्याला विचार, एवढं विचारायला तो हसणार नाही, आणि एकदा डेंटिस्टलाही दाखवून ये.

समज जबड्यामुळेच दात स्वप्नात येतायत. तरी ते मुठीत लपवणं आणि मिटल्या ओठांनी हसणं हे जबड्याने नाही गं घातलं त्यात, ते तुझं आहे. दात पडल्याचं स्वप्न लाखो लोकांना पडत असेल, पण तुझ्या स्वप्नात भीती दात गेल्याची दिसतच नाही, कुणाला कळेल याची दिसते. तू नेटवर ‘दात’ शोधलंस, ‘लपवणं’ शोधलं नाहीस, आणि ते तिथे सापडलंही नसतं.

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात ना, पण ते जसंच्या तसं दिसत नाही, वेष बदलून येतं. मला अजूनही परीक्षेचं स्वप्न पडतं, पेपर हातात आणि विषय भलताच, आणि परीक्षा देऊन माझे केस पांढरे झालेत. फ्रॉइडनेसुद्धा नोंदवून ठेवलंय की अशा स्वप्नात बहुतेक आपण पास झालेलीच परीक्षा येते. मी एकदा माझी ती स्वप्नं कॅलेंडरवर लिहायला लागले तर दर वेळी एखाद्या कामाची तारीख तोंडावर आलेली निघाली! तेव्हापासून मी ‘काय पडलं’ पेक्षा ‘कधी पडलं’ आधी बघते.

तूही तेच कर. उशाशी वही ठेव, मोबाईल नको, तो हातात आला की पाच मिनिटांत परत अर्थ शोधत बसशील. जाग आली की हलू नकोस, डोळे मिटून आधी नुसतं काय वाटतंय ते पकड, लाज, धाकधूक, राग, जे असेल ते, आणि ते पहिल्या ओळीत लिही, गोष्ट नंतर. मग आदल्या दिवशी काय झालं त्याच्या दोन ओळी. आणि स्वतःला विचार, हे असं मिटल्या तोंडाने हसणं जागेपणी मी कुठे करते?

मला एक शंका आहे पण ती शंकाच समज. ‘सगळं छान चाललंय’ असं लिहिलंस आणि लगेच मीटिंगांना ‘बसावं लागतं’ म्हणालीस. तिथे बोलतेस का तू? की आपल्याला काही येत नाही हे कळेल म्हणून गप्प बसून हसतेस? वाचून ‘छे, काहीतरीच’ वाटलं तर सोडून दे, स्वप्न तुझं आहे. पोटात एकदम धस्स झालं तर मात्र थोडं थांबून बघ.

स्वप्नाचा फारच जाच झाला तर दिवसा जागेपणी त्याचा शेवट बदलून लिहायचा आणि रोज थोडा वेळ तो नवा शेवट डोळ्यांपुढे आणायचा. भयानक स्वप्नांसाठी थेरपिस्टसुद्धा हे करून घेतात. झोपायचीच भीती वाटायला लागली तर मात्र वही पुरणार नाही, सरळ डॉक्टरांना भेट.

आणि हो, ज्यांच्यासमोर तू हसत उभी असतेस ती माणसं कोण, हे तू पत्रात लिहिलंच नाहीस. पुढच्या वेळी मुठीकडे नको, त्यांच्या चेहऱ्यांकडे बघ आणि मला कळव.