ब्रिसेट की ड्रेक मे? घरातला एक वाद

प्रश्न : आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. २०२४ च्या मोसमात न्यू इंग्लंड पॅट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाने नवख्या ड्रेक मे याला बाकावर बसवलं आणि पहिले पाच सामने जकोबी ब्रिसेटला खेळवलं, हे माझ्या बारा वर्षांच्या मुलाला अजूनही पटत नाही. माझं म्हणणं, संघाची घडी बसेपर्यंत क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, अनुभवीच हवा. कोणाचं खरं?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या मुलाचं. त्या सप्टेंबरात मी तुमच्याच बाजूची होते, म्हणून हे विचार करून सांगते आहे. वूस्टरला अकरा वर्षं राहून पुण्याला परतले, पण रविवारी रात्री साडेदहाला पॅट्रियट्सचा सामना लावायची सवय काही गेली नाही. २४ मोसमांनंतर प्रशिक्षक बेलिचिक गेलेले, आदल्या वर्षी जेमतेम ४ विजय. अशा पडझडीत ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला कोवळा मुलगा कशाला ढकलायचा, असं मला वाटायचं. सिनसिनाटीत पहिला सामना १६-१० असा जिंकल्यावर तर माझी खात्रीच पटली. पुढचे चारही हरले.

ते चार सामने बघताना माझं मत बदललं. घडी बसेपर्यंत थांबायचं, तर ती बसत असायला हवी ना? क्वार्टरबॅकच्या पुढे उभी राहणारी पाच जणांची फळीच डळमळीत होती. त्यातही डावा टॅकल, म्हणजे फळीच्या डाव्या टोकाचा खेळाडू. उजव्या हाताने फेकणारा फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे असते. तिथून धावून येणारा त्याला दिसत नाही. नेमक्या त्याच जागेवर माणसं बदलत होती. ब्रिसेट मुकाट मार खात होता, आणि मे याने आणखी पाच आठवडे बाकावर काढले असते तरी ती फळी सुधारणार नव्हती.

तुमची भीती मला कळते. २००२ मध्ये नव्यानेच उभ्या राहिलेल्या ह्यूस्टन टेक्सन्सने डेव्हिड कार या नवख्या क्वार्टरबॅकला पहिल्या दिवसापासून खेळवलं आणि एका मोसमात तो ७६ वेळा चेंडूसकट पाडला गेला. तो विक्रम आजही कायम आहे. पण १९९८ चा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगही आठवा. नवखा असताना त्याने २८ चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिले, संघ १३ सामने हरला. पुढच्याच वर्षी त्याच संघाने १३ जिंकले. हातून झालेल्या चुकांमधून खेळाडू शिकतो, पाठीत बसलेल्या धडकांमधून नाही. मे याला पाय आहेत, कोंडी झाली की तो निसटून पळतो. माझ्या मते निर्णय तिथेच फिरायला हवा होता.

१३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, तो पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. टेक्सन्सकडून ४१-२१ असा पराभव झाला, दोन चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. पण त्याने तीन टचडाऊनचे (चेंडू गोलरेषेपार पोहोचवून सहा गुण मिळवून देणारे) पास दिले! त्या महिन्यात पहिल्यांदाच मी सामना संपेपर्यंत जागी राहिले.

पुढे २०२५ मध्ये प्रशिक्षक म्हणून माइक व्रेबल आले, ड्राफ्टमधली चौथ्या क्रमांकाची निवड विल कॅम्पबेल या टॅकलवर खर्च केली आणि संघाने १४ सामने जिंकले. फळीकडे आधी बघायला हवं होतं, एवढं तुमचं म्हणणं मला मान्यच आहे.

मुलाला मात्र एक सामना आवर्जून दाखवा : २७ ऑक्टोबर २०२४, समोर न्यू यॉर्क जेट्सचा संघ. मे धावत सुटला असताना डोक्याला मार बसून बाहेर गेला. ज्याची जागा दोन आठवड्यांपूर्वी काढून घेतली होती तो ब्रिसेट आत आला आणि शेवटच्या मिनिटात संघाला टचडाऊनपर्यंत घेऊन गेला. २५-२२. त्या रात्री मला त्याचा फार अभिमान वाटला.