रिसाइज केलेल्या व्हिडिओची डीव्हीडी केली की आवाज मागे पडत जातो, कसं दुरुस्त करू?

तुम्ही लिहिलंय की साखरपुड्याचा मोबाईलवर काढलेला दीड तासाचा व्हिडिओ आधी रिसाइज केला, मग डीव्हीडी बनवली, रिसाइज केलेली फाईल कॉम्प्युटरवर नीट चालते पण डीव्हीडी टीव्हीवर लावली की आवाज हळूहळू मागे पडतो. हे सगळं मी भोगलंय म्हणून लिहितो.

आमच्या मामेभावाचं लग्न इथेच नाशिकला झालं. आजी मामांकडे सिन्नरला, तिला पेनड्राइव्ह वगैरे भानगड जमत नाही, जुना डीव्हीडी प्लेअर आहे त्यावर तिचं सगळं चालतं. मी हौसेने व्हिडिओ लहान केला, डीव्हीडी बनवली, पहिली पाच मिनिटं बघितली, झकास वाटली आणि आठ कॉप्या वाटून मोकळा. चार दिवसांनी मामांचा फोन, "अरे तुझ्या सीडीत भटजी सावधान म्हणायच्या आधीच अक्षता पडतायत!" (मामांसाठी जे जे गोल ते ते सीडी.) लावून बघितलं तर खरंच, मंगलाष्टकांपर्यंत तीन सेकंदांचा फरक, आणि शेवटी वरातीत तर ढोलवाल्याचं टिपरू पडून परत वर गेलं तरी आवाज नाही, मग धाडकन येतो.

दोष रिसाइजचा असतो हे आधी डोक्यातून काढा, चित्र लहानमोठं केल्याने आवाजाला काही होत नाही. गडबड फ्रेमरेटची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात त्याची असते. मोबाईल बहुतेक वेळा व्हेरिएबल फ्रेमरेटने शूट करतो, म्हणजे सेकंदाला ३० म्हणतो पण अंधार झाला किंवा फोन तापला की कमी फ्रेम काढतो. एमपीफोर फाईलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ लिहिलेली असते म्हणून कॉम्प्युटरवर सगळं जुळतं. आपल्याकडची डीव्हीडी पाल नावाच्या टीव्ही पद्धतीची, तिथे सेकंदाला २५ फ्रेम, ना एक कमी ना एक जास्त. मग काही टूल त्या वेळा न बघता सरळ ३० धरून हिशोब करतात, खरी सरासरी २९.९७ असली तरी तासाला ३.६ सेकंद चित्र पुढे पळतं. माझे तीन सेकंद पन्नासाव्या मिनिटाला भरले होते, गणित तंतोतंत.

तेव्हा आधी मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि मूळ फाईल त्यात उघडा. फ्रेमरेट मोड व्हेरिएबल आहे का ते बघा, ऑडिओचा सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत तो आकडा) बघा, आणि मग रिसाइज केलेली फाईल उघडून तिच्यात व्हिडिओची लांबी आणि ऑडिओची लांबी वेगवेगळी दाखवतं ती ताडून बघा. तिथेच चोर सापडतो बऱ्याचदा.

उपाय म्हणाल तर रिसाइज केलेली फाईल बाजूला ठेवा, मूळ फाईलवरून एकदाच काम करा, कारण डीव्हीडी शेवटी सहसा ७२० बाय ५७६ चीच बनते, तुम्ही मध्ये ६४० बाय ३६० करून फक्त क्वालिटी घालवली. (व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल तर अजिबात नको, ज्याने शूट केलं त्याच्याकडून केबलने घ्या.) हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या टॅबवर फ्रेमरेट २५ आणि खाली कॉन्स्टंट, ऑडिओच्या टॅबवर एसी-३ (डीव्हीडीला चालणारा आवाजाचा फॉरमॅट) आणि सॅम्पलरेट ४८ किलोहर्ट्झ. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, ती फाईल पुढे डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, प्रोजेक्टमध्ये पाल आणि ऑडिओ एसी-३ निवडा. कमांड लिहायची भीती नसेल तर एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या टूलला टार्गेट म्हणून पाल-डीव्हीडी सांगितलं की साइज, २५ फ्रेम, ४८ किलोहर्ट्झ सगळं तो स्वतःच लावतो, मी आता तेच करतो.

आवाज ऑडासिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) ताणून बसवायच्या फंदात पडू नका. मी एक अख्खा रविवार त्यात घालवला, मंगलाष्टकं जुळली तर वरात बिघडली, कारण फरक सगळीकडे सारखा वाढत नाही.

तुमचं दुखणं वेगळं निघालं तर तेही सांगतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक तेवढाच असेल तर सोपं आहे, अव्हिडेमक्स या व्हिडिओ एडिटरमध्ये ऑडिओ शिफ्ट म्हणून मिलिसेकंद टाकायचे, १० फ्रेमचा फरक म्हणजे ४००. आवाज चिरका आणि पळता येत असेल तर ४४.१ किलोहर्ट्झचा ऑडिओ ४८ समजून वाजतोय, तासाचा आवाज ५५ मिनिटांत संपतो, नीट रिसॅम्पल करून, म्हणजे ४८ मध्ये बदलून घ्या. टीव्हीवर आवाजच नसेल तर आत एएसी किंवा एमपी-३ राहिलंय, डीव्हीडी व्हिडिओला ते चालत नाही, एसी-३ करा. आणि ढोल फाटल्यासारखा वाजत असेल तर तो शूट करतानाच फाटलाय, त्याला माझ्याकडे औषध नाही.

शेवटी सरळ डिस्क जाळू नका. आधी आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाईल, बनवा, व्हीएलसीमध्ये उघडा आणि शेवटची दहा मिनिटं बघा, पहिली नाही. टाळी, अक्षता, ढोल असं काहीतरी दिसणारं आणि वाजणारं शोधून तिथे जुळतंय का बघा. मग एकच डिस्क कमी स्पीडने, ४एक्स वगैरे, राइट करून ज्यांना द्यायची त्यांच्याच प्लेअरवर लावा आणि मगच बाकीच्या कॉप्या काढा. माझ्या त्या आठांपैकी पाच परत मिळाल्या, उरलेल्या तीन घरांत अजून अक्षता आधी पडतायत.