बाथरूममधली छोटी बाटली काढली, आता मोठी धुणार कोण?

मागच्या अंकात मी दोन ओळी लिहिल्या होत्या की आमच्या पाहुण्यांच्या खोल्यांमधल्या शाम्पूच्या छोट्या बाटल्या बंद करून आम्ही भिंतीवर डिस्पेन्सर, म्हणजे दाबून साबण-शाम्पू काढायचे डबे, लावलेत, तर त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बहुतेक पत्रं घरगुती जेवण-राहण्याची सोय करणाऱ्यांची आहेत, एक मात्र पाहुण्याच्या बाजूने आलंय आणि ते मला फार महत्त्वाचं वाटलं.

प्रश्न : ताई, गुहागरजवळ आमच्या चार खोल्या आहेत. मुलगा म्हणतो छोट्या बाटल्या बंद कर, डिस्पेन्सर लाव. पण यांचं म्हणणं असं की मुंबई-पुण्याच्या लोकांना नवी कोरी बाटली दिसली की बरं वाटतं, भिंतीवरचा डबा बघून त्यांना वाटेल आम्ही पैसे वाचवतोय. काय करू?

मुलाचं ऐका, पण यांची शंकाही खोटी नाही. आधी हिशोब करून बघा. चार खोल्या, वर्षाला शंभर रात्री भरलेल्या धरा, खोलीत दोन माणसं आणि माणशी एक शाम्पू, एक बॉडीवॉश, म्हणजे रात्रीला १६ बाटल्या आणि वर्षाला १६००. तीस मिलिची बाटली कोणी पूर्ण संपवत नाही, अर्धी तशीच राहते, ती दुसऱ्या पाहुण्याला देता येत नाही आणि टाकायची म्हटलं तर कुठे टाकायची? भंगारवाला वजनावर घेतो, ही इवलीशी बाटली, आत चिकट उरलेलं, बुच वेगळ्या प्लास्टिकचं, तो हातात धरत नाही. आमच्या वाडीत घंटागाडी वरच्या रस्त्यापर्यंतच येते, त्यामुळे आम्ही बरीच वर्षं परसात खड्डा करून जाळत होतो, हे सांगायला मला बरं वाटत नाही पण खरं तेच आहे. जे जाळलं नाही ते पावसात वहाळातून खाली गेलं. न्हाणीचं पाणी जातं त्या माडाचं आळं एका जूनमध्ये साफ करायला घेतलं, तर चिखलात अकरा बाटल्या निघाल्या, काहींवर नाव अजून वाचता येत होतं आणि एकीत मुळं शिरली होती. त्या दिवशी ठरवलं.

आता पैसे वाचवण्याचं. वाचतात, त्यात लाजायचं काय. पाच लिटरच्या कॅनमध्ये तीस मिलिच्या १६६ बाटल्यांचा माल असतो आणि तुम्ही प्रत्येक बाटलीच्या प्लास्टिकचे, बुचाचे, छपाईचे पैसे मोजत असता. वाचलेल्यातला थोडा पैसा चांगल्या मालावर घाला, हेच माझं सांगणं. पाहुण्याला डबा दिसून वाईट वाटत नाही, डब्यात पाणचट काहीतरी निघालं की वाटतं. आणि हे काही फक्त आपल्यासारख्या छोट्या माणसांचं नाही हो, आयएचजी या मोठ्या हॉटेल कंपनीने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे वर्षाला साधारण २० कोटी छोट्या बाटल्या लागतात आणि त्या आम्ही बंद करतोय, त्याच वर्षी मॅरियटनेही तेच जाहीर केलं, त्यांचा आकडा ५० कोटींचा होता. यांना हे सांगा.

लावताना एवढं बघा. डबा शॉवरच्या थेट धारेखाली नको. चिकटपट्टीवाला घेऊ नका, आपल्या दमट हवेत एका पावसाळ्यात पडतो, स्क्रूनेच बसवा आणि स्क्रू स्टेनलेसचे घ्या, खाऱ्या वाऱ्याने साधे गंजून टाइल्सवर तांबडे ओघळ येतात. किल्लीने बंद होणारा घ्या म्हणजे आधीच्या पाहुण्याने आत काही टाकलं असेल का ही भीती राहत नाही. नाव ठळक मराठीत लिहा, शाम्पू कुठला आणि अंगाचा साबण कुठला, कारण आंघोळीला कोणी चष्मा लावून जात नाही. खोलीत एका छोट्या कागदावर 'ही बाटली अमुक तारखेला धुऊन भरली' असं लिहून ठेवा. आमच्याकडे तो कागद लावल्यापासून डब्याबद्दल कोणी विचारलेलं नाही.

प्रश्न : मी पुण्याची, आम्ही दर वर्षी कोकणात जातो. या वेळी मालवणच्या बाजूला एका ठिकाणी उतरलो होतो, तिथे डिस्पेन्सरमधला साबण पातळ होता आणि त्याला आंबूस वास येत होता. मी मुलीला तो वापरू दिला नाही, नवरा म्हणाला साबणच तो, त्याला काय होतंय. कोण बरोबर?

तुम्ही बरोबर. साबणात जंतू वाढत नाहीत असं आपण सगळेच धरून चालतो आणि तिथेच चुकतं. द्रव साबणात टिकवण्यासाठी औषध घातलेलं असतं पण ते ठरावीक प्रमाणात, त्यात पाणी घातलं की ते औषधही पातळ होतं आणि मग त्याच साबणात जंतू मजेत वाढतात. अमेरिकेत सार्वजनिक बाथरूममधल्या वरून भरायच्या डिस्पेन्सरांची तपासणी झाली होती, २०११ मध्ये ती छापून आली, त्यात साधारण चारातल्या एका डब्यात जंतूंचं प्रमाण नको तितकं वाढलेलं सापडलं. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही, पण अंगावर जखम असेल, लहान बाळ असेल, कोणी आजारातून उठलं असेल तर धोका कशाला घ्यायचा.

हे आमच्याकडेही झालंय, म्हणून ठामपणे सांगते. पहिल्याच वर्षी, मे महिना, सगळ्या खोल्या भरलेल्या, कॅन तळाला गेलेला आणि नवा यायला चार दिवस. कामाला येणाऱ्या मुलीला मीच म्हटलं की थोडं विहिरीचं पाणी घालून ढवळ आणि भर. चौथ्या दिवशी एक बाई बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, शाम्पूला वास येतोय. डबा काढून पंप उपसला तर नळीला आतून गुलाबीसर बुळबुळीत थर, बोटाने ओढला तर तार निघाली आणि वास ओल्या पोतेऱ्यासारखा. त्या बाईंचे डोक्यावरून पाणी घेऊन झालेलं होतं. मी त्यांची माफी मागितली, त्या काही बोलल्या नाहीत पण मला आजही ते आठवलं की चैन पडत नाही, कारण चूक त्या मुलीची नव्हती, माझी होती.

तेव्हा पाहुण्यांनी काय बघावं तर साबण पाण्यासारखा पातळ आहे का, वास बदललाय का, पंपाच्या तोंडाशी गुलाबी किंवा काळपट चिकटा आहे का. असेल तर वापरू नका आणि मुख्य म्हणजे मालकाला सांगा, तोंडावर सांगा. घरी जाऊन ऑनलाइन एक स्टार देण्यापेक्षा ते आम्हाला जास्त उपयोगी पडतं, बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं.

प्रश्न : तुम्ही भरता कसं ते नीट सांगा. आम्ही अर्धा झाला की वरून ओततो. चालतं ना? (दापोली तालुका)

नाही चालत! वरून ओतणं हीच मुळातली चूक आहे. तळाशी उरलेलं महिनोन्‌महिने तिथेच बसतं, जंतू धरले असतील तर नव्या मालालाही लागतात. हॉस्पिटलांसाठी हात धुण्याचे जे नियम आहेत त्यातही हेच लिहिलंय, अर्धवट भरलेल्या डब्यात साबण वाढवू नका, अगदी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या नियमांतसुद्धा.

आमची पद्धत अशी की प्रत्येक डब्याला दोन बाटल्या, एक भिंतीवर, एक धुऊन वाळत. संपत आली की बाटली आणि पंप दोन्ही काढायचं, उरलेला साबण बाथरूमची फरशी घासायला वापरायचा, मग कडकडीत पाणी आणि बाटलीचा ब्रश, पंपातूनही गरम पाणी दाबून दाबून काढायचं, आणि मग उलटी ठेवून पूर्ण वाळवायची. धुणं सोपं आहे, वाळणंच अवघड. जुलैमध्ये आपल्याकडे टॉवेल तीन दिवस वाळत नाही तर बाटलीची काय कथा, म्हणून पावसाळ्यात आम्ही त्या चुलीमागच्या फळीवर ठेवतो, जवळ नाही, ऊब लागेल एवढ्या अंतरावर. आत एक थेंब जरी दिसला तरी भरायची नाही. पावसाळ्यात पाहुणे कमी, तेव्हा बाटली काठोकाठ न भरता तळाला चार बोटं भरा, लवकर संपते आणि लवकर धुतली जाते. एकदा आत चिकटा धरला असेल तर मात्र ती बाटली, तो पंप टाकून द्या, कितीही घासलं तरी परत धरतो. आणि ज्यांना हे सगळं झेपणार नाही त्यांनी सीलबंद पिशवी बसवायचा डिस्पेन्सर घ्यावा, त्यात पिशवी तोंडासकट बदलते, वरून ओतायचा प्रश्नच नाही. महाग पडतो, पिशवीचं प्लास्टिकही होतं, पण शेकडो बाटल्यांपेक्षा फारच कमी. धुणार कोण हे घरात आधी ठरवा आणि मगच डबे विकत आणा, माझं तर हेच मत आहे.

प्रश्न : आम्हाला एकाने सांगितलं छोट्या बाटल्यांवर बंदी आलीय, दंड होतो. खरं का? (गणपतीपुळे)

बाटल्यांवर नाही. महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी मार्च २०१८ ची, त्यात पहिल्या वेळेला पाच हजार दंड आहे म्हणून लोक घाबरतात, आणि देशभरातली एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवरची बंदी १ जुलै २०२२ पासूनची. त्या २०२२ च्या यादीत शाम्पूची बाटली नाही, पण प्लास्टिकच्या काडीचे इअरबड आहेत, तेव्हा बाटलीशेजारी ते पाकीट ठेवत असाल तर ते आधी उचला. बाहेर मात्र कायदे झालेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२३ पासून पन्नासपेक्षा जास्त खोल्यांच्या हॉटेलांना आणि २०२४ पासून बाकी सगळ्यांना सहा औंसांपेक्षा लहान, म्हणजे साधारण पावणेदोनशे मिलिच्या आतल्या बाटल्या बंद केल्या, युरोपात २०३० पासून होणार आहे. आपल्याकडे दंडाची वाट कशाला बघायची.

प्रश्न : आमचा बचत गट आसा, कुडाळच्या बाजूक. आम्ही खोबरेल तेलाचा साबण आणि रिठा-शिकेकाईचा शाम्पू करतो. तो हॉटेलवाल्यांच्या डिस्पेन्सरात देऊचा म्हणतो. काय तां सांगा.

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, पण शाम्पूचं सांगते ते जरा कडू लागेल. रिठा-शिकेकाई उकळून केलेलं पाणी घरात ताजं वापरायला उत्तम, पण ते दोन-तीन दिवसांत आंबतं, भिंतीवरच्या डब्यात दमट बाथरूममध्ये ते टिकणारच नाही आणि नाव तुमचं खराब होईल. दुसरं म्हणजे साबण, शाम्पू विकायला करायचा तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली परवाना लागतो, बचत गटालाही, तेव्हा अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करून मगच ऑर्डर घ्या.

वडीचा साबण मात्र जरूर करा. पाहुण्याला लागेल एवढी छोटी वडी, कागदात गुंडाळलेली, प्लास्टिक शून्य, आणि ती अर्धी उरली तर पाहुणा घरी नेतो. आणि मुठेल! कोकमच्या बियांचं तेल गोठवून मुठीत दाबून केलेले ते गोळे, आपल्या आज्या टाचांच्या भेगांना लावायच्या, शहरातले लोक त्याला कोकम बटर म्हणून बाटलीतून भरपूर पैसे मोजून घेतात. ते उन्हाळ्यातही सहसा घट्ट राहतं, डबी-बाटली काही नको. वाळूत अनवाणी हिंडून आलेल्या पाहुण्याला एक छोटा गोळा केळीच्या वाळक्या पानात बांधून द्या, बघा विचारतात की नाही. विकायला काढाल तेव्हा परवान्याचं मात्र याहीसाठी विचारून घ्या.

प्रश्न : घरात तीनशे छोट्या बाटल्या शिल्लक आहेत. टाकू? (वेंगुर्ला)

टाकू नका, मागतील त्यांनाच द्या आणि संपवा, नवीन आणू नका. रिकाम्या झाल्या की धुऊन सुक्या कचऱ्यात वेगळ्या काढा. तुम्ही तर वेंगुर्ल्याचे, तुमच्या नगरपरिषदेने कचरा वेगळा करून घेण्यात नाव काढलंय, प्लास्टिक रस्त्यात वापरलं, जुन्या कचरा डेपोच्या जागी लोक फिरायला जातील अशी जागा केली. आमच्यासारख्या ग्रामपंचायतींच्या गावात ही सोय नाही.

प्रश्न : आमची विहीर खाडीजवळ, एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं. वडीच्या साबणाला फेसच येत नाही, पाहुणे तक्रार करतात. डिस्पेन्सरने फरक पडेल का? (देवबाग)

पडेल. मचूळ पाण्यातले क्षार साध्या साबणाशी मिळून पांढरा साका करतात, त्यामुळे फेस येत नाही आणि अंग चिकट लागतं. बॉडीवॉश आणि शाम्पू बहुतेक वेगळ्या रसायनांचे असतात, त्यांना अशा पाण्यातही बरा फेस येतो. पण पाहुणे फेस येईपर्यंत दाबत राहतात, त्यामुळे उन्हाळ्यात माल लवकर संपतो, तो अंदाज धरूनच कॅन मागवा म्हणजे माझ्यासारखी पाणी घालायची पाळी येणार नाही. बाटल्या धुताना शेवटचं पाणी मचूळ नको, पिण्याचं उकळलेलं घ्या, नाहीतर वाळल्यावर क्षार पंपाच्या झडपेत बसतात आणि पंप अडकतो. अडकलाच तर कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी साध्या पाण्याने नीट धुऊन वाळवा. सगळे पंप एकदा मार्चअखेरीलाच काढून बघून घ्या, मेमध्ये तुम्हाला तेवढा वेळ मिळणार नाही.