लहानपणी घरच्यांसोबत पाहिलेलं कोणतं रॉकेट उड्डाण तुमच्या अजून लक्षात आहे?

माझ्या लक्षात राहिलंय ते न झालेलं उड्डाण. २८ मार्च २००१, इस्रोच्या जीएसएलव्ही या रॉकेटची पहिलीच मोहीम.

आम्ही तेव्हा नाशिकला सिडकोत राहायचो. बाबा ओझर मिगला, म्हणजे तिथल्या विमान कारखान्यात कामाला. त्या दिवशी त्यांनी चक्क रजा टाकली होती. सख्ख्या भाचीच्या साखरपुड्याला टाकली नव्हती, हे आईने दोनदा ऐकवलं. पाडवा नुकताच झालेला, त्यामुळे आम्ही भावंडं गाठीतली साखर तोडून खात दूरदर्शनसमोर बसलो होतो.

उलटमोजणी शेवटच्या सेकंदांवर आली. खालून जाळ निघाला, धूर पसरला, आजीने हात जोडले आणि रॉकेट जागचं हललंच नाही. भाऊ "उड ना!" म्हणून ओरडला. समोरच्या काकू "बिघडलं वाटतं" म्हणत घरी गेल्या.

संध्याकाळच्या बातम्यांत कारण कळलं. रॉकेटला बाजूने जोडलेल्या चार बूस्टरपैकी एकाला पुरेसा जोर आला नव्हता, म्हणून संगणकाने जेमतेम सेकंदभर आधी सगळं थांबवलं होतं. आमची तोंडं पडलेली, पण बाबांनी मांडीवर थाप मारली. "थांबलं की नाही वेळेवर!"

मग कॅलेंडरच्या जुन्या पानामागे त्यांनी चित्र काढलं. मधोमध घन इंधनाचा जाड खांब, भोवती द्रव इंधनाचे चार बूस्टर. द्रव इंधनाचं इंजिन नळाच्या तोटीसारखं बंद करता येतं. घन इंधन मात्र एकदा पेटलं की संपेपर्यंत जळणारच. म्हणून आधी चारही बूस्टर पेटवायचे, चार-पाच सेकंदांत त्यांचा जोर तपासायचा आणि सगळं ठीक असेल तरच मधला खांब पेटवायचा. तो पेटला असता तर चारशे टनांचं ते धूड कोणाच्या बापाला थांबवता आलं नसतं. (हे शब्द बाबांचे. आईने डोळे वटारले.)

१८ एप्रिलला ते खरंच उडालं. आजी तेव्हा गावी होती. एसटीडीचा मीटर पळत होता, त्यामुळे तिला फोनवर "गेलं!" एवढंच सांगितलं. अतिथंड इंधनावर चालणारा वरचा क्रायोजेनिक टप्पा थोडा कमी पडल्याने जीसॅट-१ हा उपग्रह ठरलेल्या कक्षेत नीट पोचला नाही, पण आम्हा पोरांना त्याचं काय? रॉकेट उडालं होतं.

त्या चित्राचा अर्थ मला नीट कळला १० जुलै २००६ ला. तेव्हाही जीएसएलव्हीच होतं. जमीन सोडल्या सोडल्या एका बूस्टरने दगा दिला, रॉकेट भरकटलं आणि मिनिटभरात आकाशातच त्याचे तुकडे झाले. मी बाबांना विचारलं, "या वेळी का नाही थांबवलं?"

"मधला पेटला होता रे," ते म्हणाले.