एक्सेलमध्ये शॉर्टकट्स वापरून काम फास्ट कसं करायचं? लिस्ट पाठ केली तरी लक्षात राहत नाही

तुम्ही लिहिलंय की दिवसभर मोठमोठ्या शीट्सवर काम असतं, शंभर शॉर्टकट्सची प्रिंट काढून टेबलासमोर चिकटवली, आणि दोन आठवड्यांनी कॉपी-पेस्ट सोडलं तर एकही हाताला लागलेला नाही. बाजूचे लोक भराभर उरकतात, मग आता आपलं वय झालं का, असंही विचारलंय.

वयाचा काहीएक संबंध नाही. चूक त्या लिस्टची आहे. शंभर शॉर्टकट्स एका कागदावर असले की सगळे सारखेच महत्त्वाचे वाटतात, आणि प्रत्यक्षात दिवसाचा बहुतेक वेळ तीनच गोष्टींत जातो, एक म्हणजे शीटमध्ये इकडून तिकडे जाणं, दुसरं सिलेक्ट करणं, आणि तिसरं तेच तेच पुन्हा भरणं. बाकीचं सगळं नंतर. मी अकरा वर्षं हेच काम करतेय, रोज कुठून कुठून आलेल्या फायली जोडायच्या, साफ करायच्या, रिपोर्ट काढायचा, आणि मला विचाराल तर पहिला पूर्ण आठवडा फक्त कंट्रोल आणि अ‍ॅरो एवढंच करा. दुसरं काही शिकूच नका.

कंट्रोल दाबून खालचा अ‍ॅरो दाबला की डेटा जिथे संपतो तिथे थेट उडी बसते. वर, खाली, डावी, उजवी, चारही बाजूंना चालतं. त्यात शिफ्टही दाबून धरलं की तेवढा भाग सिलेक्ट होत जातो. कंट्रोल होमने शीटच्या सुरुवातीला, कंट्रोल एंडने जिथपर्यंत शीट वापरलंय त्या शेवटच्या कोपऱ्यात. कधी कधी रिकाम्या कॉलममध्ये उभं राहून कंट्रोल खाली दाबलं जातं आणि माणूस एकदम १०,४८,५७६ व्या रोवर जाऊन पडतो, तेव्हा घाबरून जाऊ नका, शीटचा तळच तो आहे, कंट्रोल होम दाबा आणि परत या.

हे मी इतकं ठासून का सांगतेय तर त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात मी सगळं माऊसने ओढून सिलेक्ट करायचे. चारेक हजार रोंची शीट, माऊस खाली ओढला की शीट सुसाट पळतं, पुढे गेलं म्हणून परत वर ओढायचं, आणि असं करता करता एकदा मी शेवटच्या अकरा रो सोडून माऊस सोडला. बेरीज आली, आकडा बघायला व्यवस्थित वाटत होता, रिपोर्ट वरपर्यंत गेला. नंतर दुसऱ्या एका शीटशी जुळेना म्हणून दोन दिवस आम्ही चौघं ते शोधत बसलो होतो. त्या दिवसापासून मी मोठी रेंज माऊसने सिलेक्ट केलेली नाही. म्हणजे शॉर्टकट मी आधी वेगासाठी धरले नाहीत, चूक होऊ नये म्हणून धरले, वेग मागाहून आपोआप आला.

पण कंट्रोल अ‍ॅरोचीही एक खोड आहे आणि ती कुठल्याच लिस्टमध्ये लिहिलेली नसते. मध्ये एखादा सेल रिकामा असला की उडी तिथेच थांबते. तुम्हाला वाटतं सगळा कॉलम आला, आणि आलेला असतो अर्धाच. म्हणून उडी मारताना असा कॉलम धरायचा ज्यात रिकामं काही नसतं, अनुक्रमांक किंवा बिल नंबर असं काहीतरी. आणि सिलेक्ट झाल्यावर खालच्या पट्टीत काउंट दिसतो त्यावर एक नजर टाकायची, तो आकडा अपेक्षेएवढा आहे का. सिलेक्ट करून खाली पोचलात आणि परत वर जिथून सुरू केलं ते बघायचंय, तर कंट्रोल बॅकस्पेस, सिलेक्शन तसंच राहतं आणि नजर वर येते. शेवटची टोटलची रो नको असेल तर शिफ्ट धरूनच वरचा अ‍ॅरो एकदा, तेवढीच गळते.

आता तिसरी गोष्ट, भरणं. इथे मला सगळ्यात जास्त आवडणारं एक काम जरा सविस्तर सांगते कारण हे एकदा हातानं केलं ना की शॉर्टकट म्हणजे काय ते कळतं. सॉफ्टवेअरमधून निघालेले रिपोर्ट बऱ्याचदा असे असतात की पहिल्या कॉलममध्ये विभागाचं नाव एकदाच येतं आणि त्याखालच्या वीस-पंचवीस रो रिकाम्या, मग पुढचं नाव, परत रिकामं. अशा शीटवर ना फिल्टर नीट चालत ना पिव्होट, म्हणजे डेटाचा सारांश काढणारं टेबल. लोक काय करतात, प्रत्येक नाव कॉपी करतात आणि खाली ओढतात, दोनशे नावं असली तर दोनशे वेळा. त्याऐवजी असं करा. शेजारचा कॉलम पूर्ण भरलेला आहे ना, त्यात कंट्रोल खाली दाबून तळाला जा, डावा अ‍ॅरो दाबून रिकाम्या सेल्सच्या पहिल्या कॉलममध्ये या, आणि कंट्रोल शिफ्ट होम, म्हणजे तळापासून वरपर्यंत तो कॉलम सिलेक्ट झाला. मग एफ५, ऑल्ट एस, के, एंटर. आता फक्त रिकामे सेल सिलेक्ट राहिले. बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरचा अ‍ॅरो एकदा दाबा, आणि नुसतं एंटर नाही, कंट्रोल एंटर. सगळे रिकामे सेल एका क्षणात आपापल्या वरच्या नावाने भरतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अनडू करून परत एकदा करून बघितलं होतं, इतकं बरं वाटलं!

थांबा, ते काम इथे संपलेलं नाही. भरलेली नावं अजून फॉर्म्युला आहेत, प्रत्येक सेल आपल्या वरच्या सेलकडे बोट दाखवतोय, आणि या अवस्थेत सॉर्ट केलं तर सगळी नावं इकडची तिकडे होतील. म्हणून एकदा अ‍ॅरो दाबून सिलेक्शन सोडा, त्याच कॉलममध्ये कंट्रोल स्पेस दाबून आख्खा कॉलम घ्या, कंट्रोल सी, मग कंट्रोल ऑल्ट व्ही, व्ही, एंटर, आणि शेवटी एस्केप. आता ती नुसती व्हॅल्यू झाली. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आणि गूगल शीट्समध्ये हेच कंट्रोल शिफ्ट व्ही एवढ्यावर होतं. माझ्या मते कंट्रोल अ‍ॅरोनंतर माणसाने शिकायची पहिली चीज हीच, व्हॅल्यू पेस्ट करणं, कारण अर्धी भांडणं फॉर्म्युल्यासकट पेस्ट केल्यामुळे होतात.

कंट्रोल एंटर बाकी कामांतही लक्षात ठेवा, पन्नास सेल सिलेक्ट करून एकदा टाइप केलं आणि कंट्रोल एंटर केलं की पन्नासही भरले. वरचंच खाली हवं असेल तर कंट्रोल डी, डावीकडचं उजवीकडे हवं तर कंट्रोल आर. आजची तारीख टाकायला कंट्रोल सेमीकोलन, आणि ही तारीख उद्या बदलत नाही, टुडेच्या फॉर्म्युल्यासारखी नाही, त्यामुळे नोंदीसाठी हीच वापरावी. ओळीने एंट्री करत असाल तर टॅब टॅब करत उजवीकडे जा आणि शेवटी एंटर मारा, कर्सर आपोआप खालच्या रोमध्ये जिथून टॅब सुरू केला होता त्या कॉलमखाली येतो. हे किती लोकांना माहीत नसतं, दर रोला माऊसने परत डावीकडे जातात!

फॉर्म्युला लिहीत असाल तर दोनच बटणं, एफ२ आणि एफ४. समजा एका सेलमध्ये टक्केवारीचा दर आहे, एच१ मध्ये धरा, आणि तुम्ही बी२ गुणिले एच१ असं लिहून खाली ओढलं, तर पुढच्या रोला ते एच२ होतं, मग एच३, आणि तिथे काही नसतं म्हणून सगळीकडे शून्य. फॉर्म्युल्यात एच१ च्या नावावर कर्सर असताना एफ४ एकदा दाबा, दोन्हीकडे डॉलर लागतो आणि पत्ता पक्का होतो. परत दाबलं तर फक्त रो पक्की, तिसऱ्यांदा फक्त कॉलम, चौथ्यांदा सगळं मोकळं. लॅपटॉपवर एफ४ ने आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत असेल तर एफएन बटण सोबत धरावं लागतं, मॅकवर कमांड टी पण चालतं.

एफ२ ने सेल एडिट होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कंडिशनल फॉरमॅटिंगच्या, म्हणजे अटीनुसार सेलला रंग देण्याच्या, छोट्या चौकटीत फॉर्म्युला दुरुस्त करायला डावा अ‍ॅरो दाबला की अक्षरात मागे जायच्या ऐवजी भलत्याच सेलचा पत्ता मध्ये घुसतो ना, तिथे आधी एफ२ दाबायचं, मग अ‍ॅरो अक्षरांतच फिरतो. मला हे कळायला कितीतरी वर्षं लागली आणि तोवर मी प्रत्येक वेळी पूर्ण फॉर्म्युला पुसून नव्याने लिहायचे.

बेरजेला ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह. मात्र तोही मधल्या रिकाम्या सेलपाशी अडतो, त्यामुळे एंटर मारायच्या आधी चमकणारी चौकट कुठपर्यंत गेलीय ते बघाच. फिल्टरला कंट्रोल शिफ्ट एल, मग हेडरवर उभं राहून ऑल्ट खाली, आणि ई दाबलं की थेट सर्चच्या चौकटीत, नाव टाइप करा, एंटर. शीट बदलायला कंट्रोल पेज अप, पेज डाउन. हाताने लपवलेल्या रो असतील तर कॉपी करण्याआधी ऑल्ट सेमीकोलन दाबा, दिसतंय तेवढंच सिलेक्ट होतं, नाहीतर लपवलेलंही सगळं कॉपी होऊन जातं आणि मेलमध्ये नको ते निघून जातं.

यापलीकडचं काही पाठ करायची गरजच नाही. विंडोजच्या एक्सेलमध्ये ऑल्ट नुसतं दाबून सोडा, वरच्या पट्टीवर प्रत्येक गोष्टीशेजारी अक्षर दिसायला लागतं, ते वाचत वाचत जायचं. ऑल्ट, एच, ओ, आय ने कॉलमची रुंदी मजकुराएवढी होते, हे मी कधी पाठ केलं नाही, वाचून वाचून बोटांतच बसलं. तिरप्या रेघेचं बटण दाबलं तरी तीच अक्षरं येतात, ती १९८३ साली आलेल्या लोटस वन-टू-थ्री या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामची आठवण आहे, त्यात मेनू त्याच बटणाने उघडायचा आणि एक्सेलने ती सवय अजून सांभाळलीय. गूगल शीट्समध्ये कंट्रोल आणि तिरपी रेघ दाबली की शॉर्टकट्सची यादी समोर येते आणि त्याच खिडकीत एक्सेलसारखे शॉर्टकट्स चालू करायची सोयही आहे.

लक्षात राहण्याबद्दल माझा अनुभव असा की ती प्रिंट काढून टाका आणि छोट्या चिठ्ठीवर फक्त तीन लिहा, तेही कालच्या दिवसात तुम्ही जे काम सगळ्यात जास्त वेळा माऊसने केलं त्याचे. पहिले तीन-चार दिवस काम हळू होणार हे धरूनच चाला, चिडचिड होईल, परत माऊसकडे हात जाईल. जाऊ दे, पण तेच काम अनडू करून एकदा कीबोर्डने करा. हात चिठ्ठीकडे न बघता जायला लागला की ती चिठ्ठी फेकून दुसरी लिहा. आणि माऊसला शत्रू करू नका, चार्ट हलवायचा असेल, किंवा फॉर्म्युला शेजारच्या डेटाएवढा खाली न्यायचा असेल तर सेलच्या कोपऱ्यावर डबल क्लिकच बरा, मीही तेच करते.

एक शेवटचं, नाहीतर पहिल्याच दिवशी वैतागाल. अ‍ॅरो दाबल्यावर सेल बदलायच्या ऐवजी आख्खं शीटच सरकत असेल तर कीबोर्ड बिघडलेला नाही, स्क्रोल लॉक चालू झालंय, ते बंद करा. लॅपटॉपवर ते बटण सापडलं नाही तर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून तिथून बंद करता येतं.