वाचक विचारतात: नाचणारी बाई कॅरेक्टर अॅक्टर कशी झाली?

प्रश्न: जर्मनीत एखादी डान्सर पुढे सिनेमात चरित्र भूमिका करायला लागली असं उदाहरण आहे का? बॅलेवालीच हवी असं काही नाही.

उत्तर: आहे ना, आणि माझी फार लाडकी आहे, वालेस्का गेर्ट. जन्म १८९२चा, बर्लिनचा. बॅलेतलं गोडगोड, नाजूक नाचणं तिने कधी केलंच नाही, ती नाचायची बॉक्सर, वेश्या, रस्त्यावरचं ट्रॅफिक, आणि चक्क मरण! म्हणजे काय तर काळ्या कपड्यात नुसती उभी, हळूहळू अंग ताठ होतंय, मुठी आवळल्यात, तोंड उघडतंय पण आवाज नाही, आणि मग सगळं एकदम सैल, मान खाली. बस्स. आता हा अभिनय नाही तर काय हो?

म्हणूनच सिनेमात तिला वेगळं काही शिकावं लागलं नसणार असं मला वाटतं. दिग्दर्शक पाब्स्टने तिला १९२५च्या 'जॉयलेस स्ट्रीट' सिनेमात घेतलं, त्यात ग्रेटा गार्बोपण होती, मग १९३१च्या 'थ्रीपेनी ऑपेरा'त मिसेस पीचम. नायिका कधीच नाही, पण पडद्यावर आली की नजर तिच्यावरच.

ज्यू असल्यामुळे नाझींच्या काळात तिचं काम बंद पडलं, अमेरिकेला जावं लागलं, तिथे न्यूयॉर्कमध्ये तिने 'बेगर बार' चालवला. युद्धानंतर परत आली आणि १९६५ला इटालियन दिग्दर्शक फेलिनीने तिला सिनेमासाठी बोलावलं, तेव्हा वय सत्तरीच्या पुढे! १९७६ला जर्मन दिग्दर्शक श्लोन्डॉर्फच्या 'कू द ग्रास' (Coup de Grâce) या सिनेमातही आहे, तो आधी बघा.