वाचकांचे प्रश्न : जुन्या कॅमेऱ्यांना कोणता रेकॉर्डर चालेल?

प्रश्न : आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. सहा वर्षांपूर्वी बेडे (आवाराचे फाटक), खळे, मागची पडवी आणि कलमांच्या बागेची बाजू अशा चार ठिकाणी कॅमेरे बसवले. यंदा वळवाच्या पावसात विजा झाल्या आणि त्या रात्रीपासून डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा रेकॉर्डर) बंद पडला. कॅमेरे शाबूत आहेत, असे तपासणाऱ्याने सांगितले. दरम्यान मुलाने मुंबईहून दोन वायफाय कॅमेरे आणून दिले आहेत. दुकानदार म्हणतो, जुने सगळे काढून एनव्हीआर (फक्त नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) आणि नवे कॅमेरे घ्या. मुलाचे म्हणणे, पूर्वीसारखाच चार चॅनेलचा, म्हणजे चार कॅमेरे घेणारा डीव्हीआर आणावा. आम्ही काय करावे?
– एक निवृत्त शिक्षक, गुहागर तालुका

उत्तर : दुकानदाराचा सल्ला खर्चिक आहे आणि मुलाचा अपुरा. आपल्याला हवा आहे तो आठ चॅनेलचा एक्सव्हीआर, म्हणजे जुने ॲनालॉग (तारेने थेट रेकॉर्डरला जोडलेले) आणि नवे आयपी (संगणकाच्या जाळ्यावर किंवा वायफायवर चालणारे) असे दोन्ही प्रकारचे कॅमेरे घेणारा रेकॉर्डर. मात्र पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी घरीच पाहून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे तार. जुन्या रेकॉर्डरच्या मागे फिरवून बसवायची गोल धातूची पिन असेल, तर ती बीएनसी पिन आणि तार कोॲक्सियल. एनव्हीआरला ही पिन लावण्याची सोयच नसते, कारण त्याला कॅमेऱ्याचे चित्र संगणकाच्या जाळ्यातून, आठ तारांच्या लॅन केबलवरून किंवा वायफायवरून लागते. एनव्हीआर घ्यायचा तर चार चांगले कॅमेरे आणि चिऱ्याच्या भिंतींतून ओढलेली सारी केबल निकामी ठरते. हा खर्च आज करण्याचे कारण मला दिसत नाही.

पिन सारखी असली म्हणजे जुळणी झाली असे मात्र नाही. ॲनालॉग एचडी कॅमेऱ्यांत टीव्हीआय, सीव्हीआय आणि एएचडी असे तीन प्रकार प्रचलित आहेत, शिवाय त्याहून जुना साधा सीव्हीबीएस आहेच. केवळ टीव्हीआय समजणाऱ्या रेकॉर्डरला सीव्हीआयचा कॅमेरा जोडला, तर पडदा कोरा राहतो किंवा चित्र रंगहीन येते, आणि मग दोष बिचाऱ्या कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. एक्सव्हीआर म्हणून विकले जाणारे बहुतेक रेकॉर्डर हे चारही प्रकार ओळखतात, तरी खोक्यावर तसे लिहिलेले पाहूनच घ्यावा. आपल्या कॅमेऱ्यांचा प्रकार त्यांच्या अंगावरील चिकटपट्टीवर सापडेल. खाऱ्या हवेने ती वाचण्यापलीकडे गेली असेल, तर एक कॅमेरा काढून दुकानात न्यावा आणि निवडलेल्या रेकॉर्डरला तिथेच जोडून पाहावा. अनेक कॅमेऱ्यांच्या शेपटीवर, म्हणजे मागून निघणाऱ्या तारेवर, प्रकार बदलण्याचे छोटे बटणही असते.

खोक्यावरचा आणखी एक शब्द नीट वाचावा, तो म्हणजे ‘१०८०एन’. पूर्ण १०८० मध्ये चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचे असते, तर ‘एन’ जोडले की ते ९६० बाय १०८० होते, म्हणजे रुंदी निम्मी. पडवीत कोण बसले आहे हे कळायला ते पुरते, परंतु बेड्याबाहेर थांबलेल्या गाडीचा क्रमांक वाचायचा झाला तर हीच काटकसर नडते. कॅमेरे दोन मेगापिक्सेलचे असतील, तर रेकॉर्डरही पूर्ण १०८० नोंदवणाराच घ्यावा.

दुसरी गोष्ट मुलाने आणलेल्या कॅमेऱ्यांची, आणि खरा घोळ इथेच होतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या आयपी कॅमेऱ्यांना एकमेकांच्या रेकॉर्डरशी बोलता यावे म्हणून २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी ‘ऑनव्हिफ’ हा सामायिक संकेत सुरू केला. कॅमेऱ्यात ऑनव्हिफ किंवा निदान आरटीएसपी (जाळ्यावरून थेट चित्र पाठवण्याची पद्धत) असेल, तरच तो दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरवर येण्याची आशा धरावी. केवळ मोबाइलच्या ॲपवर आणि आतल्या मेमरी कार्डावर चालणारे अनेक स्वस्त वायफाय कॅमेरे, तसेच बॅटरीवर चालणारे बहुतेक कॅमेरे, ही सोय देत नाहीत. त्यांना कोणताही रेकॉर्डर आणला तरी उपयोग नाही. मुलाला ॲपच्या सेटिंगमध्ये ऑनव्हिफ शोधायला सांगावे. पुष्कळदा ते असते, पण बंद ठेवलेले असते, आणि चालू केल्यावर त्यासाठी वेगळे नाव व पासवर्ड द्यावे लागतात. इतके जमले की एक्सव्हीआर राउटरला केबलने जोडावा, कॅमेरे त्याच राउटरच्या वायफायवर ठेवावेत आणि एक्सव्हीआरमधील दोन चॅनेल आयपीकडे वळवावेत. चारच चॅनेलचा रेकॉर्डर घेतला, तर या दोघांना जागा उरण्याची खात्री नसते. परक्या कंपनीच्या कॅमेऱ्याकडून हालचालीची सूचना रेकॉर्डरला नीट मिळेलच असे नाही, म्हणून या दोन चॅनेलवर सलग चित्रण ठेवणे बरे.

बंद पडलेल्या रेकॉर्डरमधील हार्डडिस्क वाचली असेल, तर ती नव्यात चालेल, पण नवा रेकॉर्डर आधी ती पुसून घेण्याची परवानगी मागेल. जुने चित्रण हवे असेल तर ‘होय’ म्हणू नये; आधी ती त्याच कंपनीच्या, शक्यतो त्याच प्रकारच्या रेकॉर्डरमध्ये लावून पाहावी.

राहिली वीज. नवा रेकॉर्डरही पुढच्या मे महिन्यात त्याच वाटेने जाऊ नये, याची तजवीज आताच करावी. कातळावर चिऱ्याच्या घरांचे अर्थिंग, नेमके वळीव येतो तेव्हा, जमीन कोरडी असल्याने दुबळे झालेले असते. वायरमनकडून ते मोजून घ्यावे. बागेकडची केबल झाडांवरून आली असेल, तर ती पाइपातून जमिनीखालून न्यावी आणि रेकॉर्डरपाशी सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारे उपकरण) लावावा. आभाळ भरून येताच, गडगडू लागण्यापूर्वीच प्लग काढावा; पण नुसता प्लग काढून भागत नाही, कारण विजेचा झटका कॅमेऱ्याच्या तारेतूनही येतो. बीएनसी पिनाही तेव्हाच सोडवाव्यात; विजा सुरू झाल्यावर तारांना हात लावू नये. बाहेरचे सगळे जोड बंद डब्यात ठेवावेत, नाहीतर समुद्राच्या हवेत त्या पिना वर्षभरात हिरव्या पडतात.

प्रश्न : मालवण तालुक्यातील आमचे घर गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद असते. तिथे इंटरनेट नाही. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे आणि एक टेराबाइटची डिस्क आहे. इंटरनेटवाचून चित्रण होते का, आणि किती दिवसांचे राहते?
– एक चाकरमानी, ठाणे

उत्तर : चित्रणाला इंटरनेट लागत नाही, ते फक्त दुरून पाहायला लागते. दिवसांचा हिशेब सरळ आहे. एच.२६४ या चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत एका कॅमेऱ्याला सेकंदाला ४ मेगाबिट धरले, तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट होतात, आणि चार कॅमेऱ्यांत आपली डिस्क सहा दिवसही पुरत नाही. रेकॉर्डर एच.२६५ ही चित्र आणखी दाबणारी पद्धत जाणणारा असेल आणि २ मेगाबिटवर ठेवला, तर अकरा-साडेअकरा दिवस मिळतात. त्यानंतर जुने पुसून त्यावर नवे चढते. गणपती ते शिमगा हे सुमारे सहा महिन्यांचे सलग चित्रण ठेवायला पंधरा टेराबाइटहून अधिक जागा लागेल, आणि घरगुती रेकॉर्डरकडून ती अपेक्षा करू नये.

म्हणून हालचालीवरच चित्रण ठेवावे, पण वाऱ्याने हलणारी माडाची झावळी आणि रात्री भिंगासमोर जाळे विणणारा कोळी हेही रेकॉर्डरच्या दृष्टीने चोरच असतात. सेटिंगमध्ये माडाचा भाग वगळावा. रेकॉर्डरमधील घड्याळाचा सेलही दर खेपेला पाहावा, कारण तो संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते आणि मग चित्रण असूनही सापडत नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली असेलच. महिन्यातून एकदा टीव्ही लावून चारही चित्रे दिसतात का, एवढे त्यांना पाहायला सांगावे, आणि घर फोडल्याचे आढळले तर आपण पोहोचेपर्यंत रेकॉर्डर बंद करून ठेवायला सांगावे, म्हणजे त्या रात्रीच्या चित्रणावर नवे चढणार नाही.